देवदत्त रात्री जेवतो

कॉमिक्स आणि ग्राफिक कादंबऱ्या वाचायला सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं की मी कुमारिलभट्ट या मीमांसकापासून सांगायला लागते. विचारणारा बहुधा विषय बदलतो. जो थांबतो त्याला मी देवदत्ताची गोष्ट सांगते.

देवदत्त धष्टपुष्ट आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या, दोन्ही आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या, पण एकमेकींशी जमत नाहीत. मग आपण म्हणतो, तो रात्री जेवत असणार. त्याला रात्री जेवताना कुणीही पाहिलेलं नाही. तरी ते न पाहिलेलं जेवण धरलं नाही तर पाहिलेल्या दोन्ही गोष्टींचा मेळ बसत नाही. मीमांसक याला अर्थापत्ती म्हणतात आणि प्रत्यक्ष, अनुमान या प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या, पंगतीत तिला स्वतंत्र पान मांडतात. नैयायिक म्हणतात, कशाला वेगळं पान, ही अनुमानाच्याच ताटात जेवेल. सांगलीतल्या एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवताना हा वाद मी दरवर्षी फळ्यावर मांडायची आणि दरवर्षी मागच्या बाकावरून विचारणा व्हायची, ‘मॅडम, हे परीक्षेला येणार का?’ निवृत्तीनंतर स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकन चित्रकाराचं कॉमिक्सविषयीचं पुस्तक हाती आलं. १९९३ सालचं, आणि स्वतःच कॉमिक म्हणून काढलेलं. ते वाचताना मला वाटलं, कुमारिलाला इतक्या शतकांनी चित्रकार भेटला.

कॉमिकचं पान देवदत्ताच्या जिवावरच चालतं. एका चौकटीत मुलाच्या हातात दगड आहे. पुढच्या चौकटीत खिडकीची काच फुटली आहे आणि मुलगा पळतो आहे. दगड मारल्याचं चित्र कुठेच नाही. मधे फक्त एक पांढरी पट्टी आहे, बोटाच्या रुंदीचीसुद्धा नाही, आणि दगड सुटला तो त्या पट्टीत. मॅक्लाउडचं म्हणणं थोडक्यात असं की या कलेचा जीव त्या पट्टीत आहे. चित्रकार तुकडे देतो, सांधतो वाचक. तो इथवर येतो आणि पुढे कलेच्या बाजूला वळतो. माझी खोड वेगळी. सांधणारा हा कोण, आणि सांधताना त्या कोऱ्या जागेत तो जे भरतो ते आणतो कुठून, हे मला विचारावंसं वाटतं.

शनिवारी संध्याकाळी इथल्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही काही मंडळी जमतो. बहुतेक पेन्शनर. एक फार्मसीचा विद्यार्थी आहे, तो चुकून आला आणि टिकला. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत खरा प्रश्न विचारला. ‘मॅडम, आधी अक्षरं वाचायची का आधी चित्र बघायचं?’ बाकीचे हसले. पण नव्या वाचकाचं घोडं नेमकं इथेच अडतं. चित्र म्हणजे धड्याची सजावट, हे आपल्या डोक्यात शाळेनं इतकं पक्कं बसवलंय, की मोठी माणसं कॉमिक उघडतात ती फुग्यामागून फुगा वाचत सुटतात. अर्ध्या तासात पुस्तक संपतं आणि ‘यात वाचण्यासारखं आहे काय?’ म्हणून मिटून ठेवतात.

मी त्यांना सांगितलं, पान उघडलं की आधी अक्षरांना हात लावू नका. सबंध पान बघा. चौकटी किती आहेत, मोठी कुठली, काळं कुठे जास्त आहे, कोण कुणाकडे बघतंय, पाठमोरं कोण आहे. मग वाचा. मग पुन्हा बघा. आणि निदान पहिल्या पुस्तकापुरतं तरी एक करा. दुसरी चौकट पोस्टकार्डानं झाका, पहिली पाहून पुढे काय असेल ते तोंडानं बोला, मग कार्ड सरकवा. आमचे पाटबंधारेवाले पोस्टकार्डाऐवजी स्टीलची फूटपट्टी घेऊन येतात आणि ती पानाच्या कडेशी काटकोनात लावल्याशिवाय बोलायला तोंड उघडत नाहीत. पण बोलतात ते बरोबर जागी.

मॅक्लाउडच्या पुस्तकात एक जागा आहे, तिच्यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली. पहिल्या चौकटीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारून उभा. दुसऱ्या चौकटीत रात्रीचं शहर, इमारतींची रांग आणि वर आकाशात एक किंकाळी. संपलं. यावर मॅक्लाउड वाचकाला सुनावतो ते असं: कुऱ्हाड उगारलेली मी काढली खरी, पण घातली तुम्ही. कुठे घातली, किती जोरात, हेही तुम्हीच ठरवलंत.

‘मी कशाला घालीन?’ पाटबंधारेवाले उसळले. ‘किंकाळी त्यांनी लिहिली आहे. कागदावर आहे.’ विद्यार्थी म्हणाला, किंकाळी आहे, मेल्याचं कुठे आहे? घाबरून ओरडला असेल. गीता मंडळात जाणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी अठरावा अध्याय काढला. कर्माला पाच कारणं लागतात, कर्ता त्यातला एक; मीच एकट्यानं केलं असं समजणाऱ्याला भगवंतांनी दुर्मती म्हटलंय, तेव्हा चित्रकारानं सगळं वाचकावर ढकलू नये. हा मुद्दा मला भारी वाटला. अधिष्ठान, करण, चेष्टा यांतलं बरंचसं चित्रकाराच्या पदरात पडतं, आणि दैव म्हणायचं तर प्रकाशकाच्या.

मग अक्का बोलल्या. अक्का शाळेत शिक्षिका होत्या, जैन आहेत, आणि त्या बोलतात तेव्हा वाद घालत नाहीत, गोष्ट सांगतात. त्यांनी यशोधर राजाची गोष्ट सांगितली. दहाव्या शतकात सोमदेवानं ‘यशस्तिलक’मध्ये सांगितलेली, पुढे अनेकांनी पुन्हा लिहिलेली, सचित्र पोथ्यांत रंगवलेली. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा म्हणतो, जीव घेणार नाही. शेवटी मायलेकांत तडजोड होते, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कापतात. पुढे दोघं विषानं मरतात आणि मोर, कुत्रा अशा जनावरांच्या जन्मांतून फिरत राहतात. ‘पीठच होतं की ते,’ अक्का म्हणाल्या. ‘रक्ताचा थेंब नाही. पण सुरी चालवताना मनात कोंबडा होता.’

‘मग कॉमिक वाचून पाप लागतं म्हणता?’ पाटबंधारेवाल्यांनी विचारलं.

‘मी कुठं म्हणते? मी गोष्ट सांगितली.’

या गोष्टीनं प्रश्नाला बरोबर जागी धरलं. जैन विचारात द्रव्यहिंसा आणि भावहिंसा वेगळ्या. प्रत्यक्ष जीव गेला की नाही ही एक गोष्ट, मनात तो घ्यायचा भाव उठला की नाही ही दुसरी. पिठाच्या कोंबड्यात पहिली नाही, दुसरी आहे. कॉमिकच्या पांढऱ्या पट्टीतही तसंच. पण उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर बोट ठेवलंय. बेसावधपणे, विकारांच्या ओढीनं वागताना जीव जातो ती हिंसा. हे धरलं तर कागदावरचा खून वाचल्याबद्दल कुणी मोराच्या जन्माला जाणार नाही, पण कुऱ्हाड आपण किती सराईतपणे घातली, घालताना आपल्याला कळलं तरी का, हा हिशेब उरतोच. कादंबरीत लेखक वाक्यावाक्यानं आपल्याला खुनापर्यंत नेतो, सिनेमात तर नजरही दुसऱ्याच्या हातात असते. कॉमिकमध्ये पट्टी ओलांडताना माणूस एकटा असतो.

आता तेझुका. ओसामू तेझुका या कॉमिककारानं जपानीत १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ काढला. इंग्रजीत तो आठ खंडांत मिळतो. बुद्धचरित्र म्हणून कुणी हे हातात घेतलं तर पहिला खंड संपेपर्यंत गोंधळेल. सिद्धार्थ बाजूलाच राहतो, आणि गोष्ट चाप्रा नावाच्या गुलाम पोराची आणि जनावरांच्या अंगात शिरू शकणाऱ्या तट्टा नावाच्या चोरट्याची चालते. दोघंही तेझुकानं कल्पनेनं घातलेले. मधेच तो स्वतः चित्रात डोकावतो, आधुनिक काळातले विनोद करतो. आमच्या गटातल्या काहींना ते खटकलं. मला खटकलं नाही. जातककथाही काही गंभीर चेहऱ्यानं सांगितलेल्या नाहीत, त्यात माकडं आणि कासवं भरपूर आहेत.

सुरुवातीलाच ससा येतो. भुकेनं कोसळलेल्या म्हाताऱ्यासाठी दुसरी जनावरं अन्न आणतात, सशाला काही मिळत नाही, म्हणून तो स्वतःच आगीत उडी घेतो. हे शशजातक. पाली कथेत ब्राह्मणाच्या वेषात आलेला शक्र असतो, आग सशाला जाळत नाही, आणि शक्र त्याचं चित्र चंद्रावर काढून ठेवतो. तेझुकाचा ससा जळतो. चमत्कार काढून घेतल्यावर ती उडी पचवायला फार जड जाते, आणि पुढे त्याच खंडात तिचा अर्थ उलटा तपासला जातो. नारदत्त नावाचा शिष्य एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी जनावरांचे जीव खर्ची घालतो, आणि गुरू त्याला जनावर होऊन जगायची शिक्षा देतो. सशानं स्वतःला दिलं, यानं दुसऱ्यांना दिलं. एवढा मोठा नीतिशास्त्राचा भेद तेझुका व्याख्यानाशिवाय दाखवतो. मी तो वर्गात शिकवायला दोन तास घ्यायची.

पण तेझुका वाचताना मला त्याहून जास्त सतावलं ते दुसरंच. या आठ खंडांत सिद्धार्थ हजारो वेळा काढलेला आहे. प्रत्येक वेळी नव्यानं, वेगळ्या रेघांनी. पोर, तरुण, तपानं वाळलेला, म्हातारा. यातलं एकही चित्र हलत नाही, एकही दुसऱ्यात बदलत नाही. मग हा तोच, असं म्हणतं कोण? नैयायिकाकडे याचं तयार उत्तर आहे, आणि त्यातही पुन्हा देवदत्तच उभा आहे: काल पाहिलेला तोच हा देवदत्त, अशी ओळख पटते, म्हणजे मधे टिकून राहिलेलं काहीतरी असलंच पाहिजे. बौद्ध म्हणतो, ओळख पटते ती सारखेपणामुळे. टिकून कुणीच राहिलेलं नाही. नागसेनानं मिलिंद राजाला विचारलं होतं, की रात्रीच्या पहिल्या प्रहरातली दिव्याची ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? तीच म्हणता येत नाही, दुसरी म्हणता येत नाही. मिलिंदप्रश्न मी अनेकदा शिकवला आणि मुलांना पटल्यासारखं वाटायचं, पण मला स्वतःला तो डोळ्यांनी दिसला तो तेझुकाच्या पानावर. सुट्या, स्थिर, एकमेकांना न शिवणाऱ्या चित्रांची रांग, आणि तिच्यातून चालत जाणारा एक माणूस, जो कुठल्याच चित्रात चालत नाही.

इथे कुणी म्हणेल, चित्रातून गोष्ट सांगणं आपल्याकडे जुनंच आहे. आहेच. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी घ्या. ठाकर समाजातल्या कलावंतांनी ती टिकवली. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते, सुटी पानं. सांगणारा एक चित्र समोर धरतो, वाद्यांच्या साथीनं प्रसंग गातो, मग पुढचं चित्र येतं आणि आधीचं जातं. प्रेक्षकासमोर एका वेळी एकच क्षण असतो. कॉमिकच्या पानाचं तसं नाही. तिथे घडून गेलेलं वरती आहे, घडतंय ते मधे आहे आणि घडणार ते खालच्या कोपऱ्यात आधीच काढून तयार आहे. डोळा चोरटा असेल तर आधीच जाऊन बघून येतो. बौद्धांमध्येच सर्वास्तिवादी म्हणून एक पंथ होऊन गेला. भूत, वर्तमान, भविष्य, तिन्ही काळांतले धर्म, म्हणजे अस्तित्वाचे मूळ घटक, असतातच, असं त्यांचं म्हणणं, आणि वर्तमानच काय ते खरं मानणाऱ्या सौत्रांतिकांनी त्यांना त्यावरून धारेवर धरलं. सर्वास्तिवाद मला कायम ओढूनताणून आणलेला वाटायचा. कॉमिकच्या पानावर तो अगदी सरळ वाटतो. पिंगुळीचा कलावंत मात्र सौत्रांतिकांच्या बाजूचा. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातलं विश्वंतर जातक आणखी तिसरंच काही करतं, तिथे चौकटीच नाहीत आणि एकच राजपुत्र एकाच भिंतीवर जागोजागी उभा आहे. तो विषय मोठा आहे, इथे सोडते.

अमर चित्र कथेबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे या विषयाला सुटका नाही. अनंत पै यांनी १९६७ साली ही मालिका उभी केली. तिचा कृष्ण राम वाईरकरांनी काढला, पुढे प्रताप मुळीकांसारख्या मराठी चित्रकारांचा हात तिला लाभला, आणि ज्या घरांत पुराण सांगणारं कुणी उरलं नव्हतं तिथे तिनं पुराण पोचवलं. हे ऋण मोठं आहे. पण कॉमिक वाचायला शिकायचं तर मी तिथून सुरुवात करायला सांगत नाही. वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं की राजा संतापला. खाली राजा संतापलेला असतो. फुग्यात राजा म्हणतो, मला संताप आलाय. मी थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच. चौकटींमधल्या फटी मजकुरानं लिंपून टाकलेल्या असतात. तिथला देवदत्त दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर जेवतो.

मात्र यामागे आळस नाही, वेगळी श्रद्धा आहे. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि देवांचे चेहरे घरोघर ठरून गेले. अमर चित्र कथेतले देव त्या चेहऱ्यांच्या घराण्यातले. भाविकाला चित्रातल्या देवाची नजर आपल्या नजरेला मिळायला हवी असते. त्याला दर्शन हवं, अर्थापत्ती नको. अशा चौकटीत फट ठेवली तर ती त्याला उणीव वाटेल. माझं म्हणणं एवढंच की हे पाहणं वेगळं आणि वाचणं वेगळं.

देव चौकटीत आणून फटही राखता येते का? येते. मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेचं ‘पर्सेपोलिस’ बघावं. मूळ फ्रेंच, २००० ते २००३ मध्ये आलेलं, नुसतं काळं आणि पांढरं. १९७९ च्या क्रांतीच्या वेळी ही मुलगी नऊ वर्षांची. तिला मोठेपणी पैगंबर व्हायचंय. रात्री अंथरुणात देव तिच्याजवळ येऊन बसतो, पांढऱ्या दाढीचा, थोराड, प्रेमळ. तो आणि मार्क्स दिसायला सारखेच, फक्त मार्क्सचे केस जरा जास्त कुरळे, असं तिचं निरीक्षण आहे. (आमच्या गटातल्या एका जुन्या डाव्या कार्यकर्त्याला हे इतकं आवडलं की ते पान त्यांनी घरी नेऊन बायकोला दाखवलं.) मग तिच्या लाडक्या काकाला, अनूशला, नवी राजवट मृत्युदंड देते. शहाच्या तुरुंगातून सुटलेला माणूस क्रांतीच्या हातून मरतो. त्या रात्री देव नेहमीसारखा तिच्याजवळ येतो, आणि ती त्याच्यावर ओरडते, चालता हो म्हणते. पुढे पान भरून एक मोठी चौकट. काळ्या अवकाशात ग्रहताऱ्यांच्या मधे ती एकटी तरंगते आहे. आणि तिला तळघरात बोलावणारी हाक. बॉम्ब पडायला लागलेत, युद्ध सुरू झालंय.

त्या दोन चौकटींमधे देव केव्हा गेला? मी फूटपट्टी ठेवायला लावली आणि विचारलं. गीता मंडळातल्या बाई म्हणाल्या, तो गेलाच नाही, तिनं बघायचं सोडलं. विद्यार्थी म्हणाला, होताच कधी? एवढ्याशा मुलीच्या डोक्यातलं चित्र ते. पाटबंधारेवाले बराच वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, बॉम्ब पडत होते ना, तळघरात गेला असेल, बाकीच्या माणसांबरोबर. अक्कांनी मत दिलं नाही. त्यांच्या दर्शनात सृष्टी चालवणारा ईश्वर मुळातच नाही, त्यामुळे त्यांना ही फट लागतच नव्हती. त्या काकाबद्दल विचारत राहिल्या.

चौघांसमोर पान एकच होतं. आस्तिकानं आस्तिक्य भरलं, नास्तिकानं नास्तिक्य. ज्यांनी उभी हयात धरणाच्या खालच्या गावांची काळजी वाहिली त्यांनी देवाला खाली, माणसांत पाठवलं. मघाशी मी विचारलं होतं, वाचक भरतो ते आणतो कुठून? संस्कारांतून, जुन्या मराठीत वासनांतून. आधीच जे साठलेलं असेल तेच तो त्या जागेत ओतणार. मीमांसकाचा देवदत्त रात्री जेवतो, कारण माणूस जेवल्यावाचून जाड होत नाही हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. ते ठाऊक असणं बरोबर निघालं म्हणून प्रमाण. पण आधीच ठाऊक असलेलं जर कुजकं असेल?

मसूर स्टेशन आमच्या मिरज-पुणे लायनीवर आहे. पुण्याला जाताना कराड मागे पडलं की येतं. १९०१ साली या स्टेशनावर काही मुलं उतरली, वडिलांकडे निघालेली. नवे सदरे, चकाकत्या टोप्या. न्यायला कुणी आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं आपुलकीनं चौकशी केली. कपडे बघून मुलं ब्राह्मणाची असावीत असं त्यानं धरलं होतं. मुलं म्हणाली, आम्ही महार. त्याचा चेहरा बदलला आणि तो निघून गेला. नंतर दुप्पट भाड्यावर गाडी मिळाली ती अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. जवळ खायला होतं, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. त्या मुलांतल्या एकानं, भीमराव आंबेडकरांनी, पुढे हे स्वतः लिहून ठेवलं.

त्या स्टेशनमास्तरनं केली ती अर्थापत्तीच. चांगले कपडे दिसले, मधली जागा त्यानं मनानं भरली: ब्राह्मण. एक शब्द ऐकला, ती जागा दुसऱ्याच कशानं तरी भरली. समोरची मुलं तीच होती. अर्थापत्ती प्रमाण आहे का, या प्रश्नावर मी इतकी वर्षं दोन्ही पक्ष मांडले. पण ही बाजू एकाही पाठ्यपुस्तकात नव्हती.

‘भीमायन’ या पुस्तकात हा प्रवास आहे. २०११ साली नवयान प्रकाशनानं काढलं. चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची, दोघंही मध्य प्रदेशातल्या परधान गोंड परंपरेतले. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. व्याम दांपत्यानं चौकटी काढायला नकार दिला. माणसांना डब्यांत कोंडायचं नाही, त्यांना श्वास घ्यायला मोकळी जागा हवी, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून पान विभागलंय ते डिगणाच्या वळणांनी, जी नक्षी त्यांच्याकडे घराच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढतात. आगगाडी साप आहे, रस्ता मोराची लांब मान आहे, दौलताबादचा किल्ला एक जनावर आहे. बोलण्याचे फुगेही तीन तऱ्हेचे: सोसणाऱ्यांचं बोलणं पक्ष्याच्या आकारात, जातीचं विष ओकणाऱ्यांच्या फुग्याला विंचवाची नांगी, आणि मनातलं न बोललेलं असेल तिथे एक डोळा.

पांढरी पट्टी या पुस्तकात जवळजवळ नाहीच. पहिल्यांदा वाचताना मला ते अडलं, कारण माझा सगळा सिद्धान्त त्या पट्टीवर उभा. मग वाटलं, बरोबरच आहे. इथे वाचकाच्या संस्कारांवर काही सोडायचं नाही असं पुस्तकानं ठरवलेलं आहे. कुणाच्या बोलण्यात विष आहे हे तुम्ही आपल्या अंदाजानं ठरवू नका. नांगी काढून दिली आहे, बघा. फटीत लपायला वाचकाला जागा ठेवलेली नाही. कॉमिकनं सगळं उघड करून टाकू नये, हा माझा अमर चित्र कथेवरचा आक्षेप होता. तोच आक्षेप मी इथे घेत नाही, आणि हे विसंगत आहे असं विद्यार्थ्यानं मला तोंडावर सांगितलं. माझं उत्तर असं: तिथे फट बुजवली ती वाचकाला कष्ट पडू नयेत म्हणून, इथे बुजवली ती त्याला पळवाट मिळू नये म्हणून. त्याला ते पुरतं पटलेलं नाही. वाद चालू आहे.

तेव्हा सुरुवात करायची तर मी ‘भीमायन’ आणि ‘पर्सेपोलिस’ ही दोन सांगेन, लागोपाठ, याच क्रमानं किंवा उलट्या. एक फटीशिवाय, एक फटींनी भरलेलं. तेझुका त्यानंतर, सवडीनं. इंग्रजी अडलं तर दोघं मिळून वाचा, एकानं अक्षरं सांगायची, दुसऱ्यानं चित्र. मराठीत या तोडीची पुस्तकं फारच थोडी आहेत. प्रकाशकांना विचारत राहिल्याशिवाय ती वाढणार नाहीत.

आणि एक विनंती. आर्ट स्पीगलमनचं ‘माउस’ आम्हाला बालविभागात सापडलं. ज्यूंच्या संहाराची ही कहाणी, लेखकाच्या बापानं सांगितलेली, १९९२ साली पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळालेली. मुखपृष्ठावर उंदीर आहेत एवढ्यावरून कुणीतरी ती इसापनीतीशेजारी ठेवली होती. आपापल्या वाचनालयात जाऊन ते कपाट एकदा उघडा, आणि अशी पुस्तकं निघाली तर ग्रंथपालांना सांगून मोठ्यांच्या विभागात हलवून घ्या.